मदत हवी आहे: ओपन सोर्स लायब्ररीचं अपडेट लगेच घ्यावं की थांबून?

प्रोजेक्टमधल्या सगळ्या लायब्ररींची व्हर्जन लॉक फाइलमध्ये पक्की केली आहेत. थेट घेतलेल्या मोजक्याच, पण त्या ज्यांच्यावर अवलंबून आहेत म्हणून त्यांच्यामागून आलेल्या शेकड्याने. प्रश्न अपडेटच्या वेळेचा आहे.

डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे (Log4j, जावामधली लॉग लिहिणारी लायब्ररी) हिच्यातली सुरक्षेची त्रुटी उघड झाली तेव्हा उशीर करणंच धोक्याचं होतं, 2.15.0 पुरलं नाही, पाठोपाठ 2.16.0 आणि 2.17.0 घ्यावं लागलं. उलट मार्च 2024 मध्ये एक्सझेड (XZ, फाइली कॉम्प्रेस करणारं टूल) याच्या 5.6.0 आणि 5.6.1 मध्ये बॅकडोअर, म्हणजे मुद्दाम लपवलेली चोरवाट, सापडलं, तिथे जुन्या व्हर्जनवर थांबलेलेच वाचले. शिवाय ते चालू करणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या रिपॉझिटरीत) नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (डाउनलोडसाठी दिलेल्या कोडच्या गठ्ठ्यात) होती. म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला, तरी रिपॉझिटरी वाचणाऱ्याला नेमका तोच तुकडा दिसत नव्हता. हे मला फार गंभीर वाटतं.

विचार असा आहे: सुरक्षेची अपडेट 24 तासांत, बाकीची 14 दिवस थांबून. पण कधी कधी सुरक्षेची दुरुस्ती साध्या बगफिक्समधूनच येते आणि सीव्हीई नंबर (त्रुटीचा अधिकृत नोंद क्रमांक) मागाहून मिळतो. अशी दुरुस्ती 14 दिवस अडकू नये म्हणून तुम्ही काय करता? आणि टारबॉलऐवजी गिट टॅगवरून (रिपॉझिटरीत रिलीजची खूण केलेल्या कोडवरून) बिल्ड करत असाल, तर ऑटोकॉन्फने (बिल्डची configure स्क्रिप्ट बनवणाऱ्या टूलने) तयार होणाऱ्या फाइलींचं कसं जमवता?