मदत हवी आहे: शेटलंडला लोकरीची दुकानं आणि विणणाऱ्या बायका, गाडीशिवाय

मी लीड्सला असते, आई पुण्याहून येतेय आणि तिला शेटलंडला (स्कॉटलंडच्या उत्तरेची बेटं) न्यायचंच असं ठरवलंय, कारण ती आयुष्यभर दोन सुयांवर विणत आलीय आणि कमरेला पट्टा बांधून त्यात सुई खोचून विणणाऱ्या तिथल्या बायका तिला प्रत्यक्ष बघायच्यात. अ‍ॅबरडीनहून रात्रीच्या बोटीने लर्विकला, म्हणजे तिथल्या मुख्य गावाला, जाणार. आम्ही दोघीही गाडी चालवत नाही, आणि आईचे गुडघे दुखतात त्यामुळे लांब चालणं नको.

सप्टेंबरअखेरचा वूल वीक (तिथला लोकर-विणकामाचा वार्षिक महोत्सव) बघितला पण आम्हाला हवे ते क्लासेस भरलेत आणि राहायची जागाही परवडेना, म्हणून मे महिन्यात जातोय. लर्विकमधलं जेमिसन अँड स्मिथ आणि कमर्शियल स्ट्रीटवरचं जेमिसन्स ही लोकरीची दुकानं यादीत आहेतच (टू प्लाय जंपर वेट म्हणजे स्वेटरच्या बारीक दुपदरी लोकरीचे २५ ग्रॅमचे गोळे, फेअर आइल या रंगीत नक्षीच्या विणकामासाठी, रंग समोर बघूनच घ्यायचेत, ऑनलाइन अजिबात नको). म्युझियमही करणार. हॉटेल, बोट, व्हिसा हे सगळं झालंय, त्याबद्दल नकोय.

अडलंय ते एवढंच, की तिथल्या बायका आठवड्यात कुठे एकत्र बसून विणतात आणि बाहेरच्या माणसाने आधी न कळवता गेलं तर चालतं का? आईला इंग्रजी जेमतेम येतं, पण विणायला बसली की तिला भाषा लागत नाही. आणि सँडनेस गावातल्या जेमिसन्सच्या सूतगिरणीला लर्विकहून बसने जाऊन त्याच दिवशी परत येता येतं का, कोणी केलंय का?