चौदा वर्षांनी घरी बसावं लागतं, हे आता खरं नाही

तुमच्या भाचीला सैन्यात अधिकारी व्हायचंय आणि घरचे 'मुलींना चौदा वर्षांनी घरी पाठवतात' म्हणून अडवताहेत, असं तुम्ही लिहिलंय. ती जुनी गोष्ट झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भूदलातल्या महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत अधिकारी राहण्याचा, हक्क दिला. २०२२ पासून खडकवासल्याच्या एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जिथे बारावीनंतर तिन्ही दलांचे भावी अधिकारी शिकतात) मुली आहेत आणि त्यांची पहिली तुकडी, १७ जणींची, मे २०२५ मध्ये बाहेर पडली. पायदळ आणि रणगाडा दल मात्र मुलींसाठी अजून बंदच आहे, हे तिला आधीच सांगा. मला ते पटत नाही, पण आहे ते आहे.

भाची बारावीत असेल तर एनडीएची लेखी परीक्षा आत्ताच देता येईल. नौदल-हवाई दलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवंच. भूदलाला कुठलीही शाखा चालते. नाशिकला मुलींसाठी सरकारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, तिची चौकशी करा.

लेखीपेक्षा मुली (मुलंही!) अडतात ती पाच दिवसांच्या एसएसबीत, म्हणजे लेखीनंतरच्या सैन्याच्या निवड मंडळाच्या मुलाखत-चाचण्यांत. पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात बसून त्यावर बोलायचं. तिथे सगळे एकदम ओरडतात. निवड झाली नाही तर त्याच दिवशी परतीची वाट. क्लासवाल्यांच्या पाठ केलेल्या गोष्टी तिथे लगेच ओळखू येतात, तेव्हा त्यावर पैसे घालवू नका. त्यापेक्षा रोज पळायला लावा आणि चारचौघांत बोलायची सवय लावा.