मदत हवी आहे: पितळी तांब्याच्या फुगीर पोटावर कोरणी घसरते

नमस्कार मंडळी,

माहेरच्या जुन्या भांड्यांवर आजीचं नाव ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं आहे. तुळशीच्या लग्नानंतर भाचीचं लग्न आहे. तिला तांब्या-भांडं देणार आणि त्यावर नाव मी स्वतः हाताने कोरणार, असं सगळ्यांसमोर बोलून बसले आहे. दुकानात मशीनवर पाच मिनिटांत नाव घालून मिळतं हे माहीत आहे, तेवढं कृपया सुचवू नका.

दोन कोरण्या घरी बनवल्या आहेत. पहिली ३ मिमी चौरस हायस्पीड स्टीलच्या टूल बिटची. कोपरा खाली, समोरचं तोंड ४५ अंशांत घासलेलं, टोकाखाली टाचेचे (धातूवर टेकणाऱ्या बारीक उताराचे) दोन पैलू, टाच साधारण २ मिमी लांब. मूठ म्हणून जुन्या ड्रॉवरची लाकडी घुंडी. दुसरी जुन्या तिकोनी कानशीची, ग्राइंडरवर घासलेली.

सपाट पट्टीवर पहिलीने सुरेख रेघ येते. तांब्याच्या पोटावर मात्र तीन-चार मिमी बरी जाते, मग पातळ होत होत सटकते आणि पुढे लांबलचक ओरखडा. मानेजवळ उलटंच, टोक रुततच नाही, मागचा भाग घासत राहतो. ‘ळ’च्या वळणांवर रेघेची बाहेरची कड चेंगरल्यासारखी चकाकते. शिवाय पहिलीचं टोक तुटतं आणि दुसरीचं वळतं! तांब्या पातळ पत्र्याचा आहे, दाबला की किंचित आत जातो.

कुठे चुकतंय?

— पितळवेडी

*

ताई, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की निदान सोपं झालं. टूलरूममध्ये आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोटावर सटकते, कारण तुमचा हात सरळ जातो आणि भांडं खाली वळतं. कोरणीचा धातूशी असलेला कोन दर मिलिमीटरला कमी होत जातो, टोक वर येतं आणि निसटतं. जोर वाढवला की ओरखडा लांबतो, एवढंच. मानेजवळ खोलगट भाग आहे. तिथे धातू पुढे वर चढतो, म्हणून टोक टेकण्याआधी टाचेची मागची कड टेकते. एकच कोरणी दोन्हीकडे चालवायचा हट्ट सोडा.

२ मिमी टाच फार लांब. वळणावर ती टाच म्हणजे अरुंद गल्लीत शिरलेली बस. पुढची चाकं वळतात, मागचा भाग भिंतीला घासतो. तुमची ‘ळ’ची चकाकणारी कड म्हणजे तोच घासल्याचा डाग. टाच अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणा, ०.३ असली तर उत्तम. ती कमी करायला समोरचं तोंडच मागे घासत न्या, म्हणजे पैलू आपोआप आखूड होतात.

टोक तुटतं याचं कारण बहुधा ९० अंशांचा व्ही, म्हणजे टोकाशी दोन बाजू मिळून होणारा कोन. पैलू थोडे पसरट पाडून तो १०५ ते १२० करा. टोकाला मांस राहतं आणि रेघही रुंद, उठावदार दिसते. टाचेचा उचल कोन (टाच टेकली की कोरणी धातूपासून जेवढी वर राहते तो) पोटासाठी १५ ते १८ अंश पुरे. आणि रेघ संपवताना टोक उचकटून काढत असाल तर तेही बंद करा. मूठ हळूच खाली नेत बाहेर या.

दुसरीचं टोक वळतं म्हणजे ते मऊ पडलंय. ग्राइंडरवर निळं झालं होतं ना? हायस्पीड स्टीलला त्याने फरक पडत नाही, ते ५००-६०० अंश सेल्सिअसपर्यंत कडकपणा सोडत नाही. कानस साध्या कार्बन पोलादाची. निळी झाली की तिचं पाणी उतरलं.

— टूलरूमवाला

*

धन्यवाद काका! हो, निळीच झाली होती आणि मला तो रंग आवडलाही होता. 😬 मग ती कानस टाकून देऊ का?

— पितळवेडी

*

मुळीच नको, तीच मानेजवळच्या कामाला येईल. लाल करून राखेत सावकाश थंड होऊ द्या, म्हणजे मऊ होईल. पुन्हा लाल करून टोकाकडचे १५ मिमी किंचित वर वळवा, होडीच्या नाळेसारखे. टाच आखूड ठेवून २५-३० अंशांची पाडा. मग परत तापवा. लोहचुंबक चिकटेनासं झालं की अजून किंचित, आणि थेट तेलात. आता ती काचेसारखी ठिसूळ असेल, अशीच वापरलीत तर पहिल्याच रेघेला टोक जाईल. पॉलिश पेपरने चकचकीत करून घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवा. फिकट गवती (वाळल्या गवतासारखा पिवळट) रंग आला की झालं. पुढे घासताना दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवा. निळा रंग दिसला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

— टूलरूमवाला

*

आमच्याकडे हुपरीत चांदीचं काम, त्यामुळे कोनांपेक्षा पकडीबद्दल सांगतो. पत्रा दबतोय तोवर जगातली कुठलीही कोरणी चालणार नाही. तांब्यात राळ भरा. राळ, विटेची वस्त्रगाळ पूड आणि थोडं गोडं तेल. थंडीत तेल जरा जास्त, नाहीतर राळ तडकते. आतून आधी तेलाचा हात फिरवा, राळ कोमट-पातळ असताना ओता आणि रात्रभर तसंच ठेवा. टिचकी मारली की ठण्ण ऐवजी बद्द आवाज आला पाहिजे.

नंतर काढताना तोंडाकडून तापवत जा. बुडाकडून तापवलंत तर आतली राळ फुगते आणि तोंडाशी बूच तसंच, मग उकळती राळ अंगावर उडते. माझ्या मनगटावर खूण आहे. शेवटचा थर टर्पेंटाइनने पुसा आणि भांडं दोन-तीनदा घासून घ्या.

आणि हात चालवायचा नाही, भांडं चालवायचं. वाळू भरलेली चामड्याची पिशवी घ्या, त्यावर तांब्या आडवा ठेवा. उजव्या हातातली कोरणी जवळजवळ स्थिर, अंगठा भांड्यावर टेकलेला, आणि डाव्या हाताने तांब्या टोकाकडे फिरवत आणायचा. असं केलं की टूलरूमवाल्या काकांचा तो कोन आपोआप जागेवर राहतो. डावा अंगठा मात्र रेघेच्या पुढे कधीही ठेवू नका.

— चांदीचा_हात

*

एक शंका. तांब्याला आतून कल्हई आहे का? असेल तर राळ काढताना ब्लोलॅम्प नको. कथील २३२ अंशांनाच वितळतं. उकळत्या पाण्यात तोंड धरलं तरी राळ सुटते.

बाकी, जुन्या लोकांनी ठिपके उगाच नाही घातले. बारीक छिन्नी आणि हातोडीने ठोकत गेलं की घसरायचा प्रश्नच नाही. मी तरी तेच केलं असतं.

— तांबट_आळीचा_शेजारी

*

कल्हई आहे, बरं झालं सांगितलंत. ठिपके शेवटचा उपाय म्हणून ठेवते.

आणखी एक अडचण. कागदावर अक्षरं काढून चिकटवली तर शिरोरेषा वाकडी दिसते, मधेच पोट आल्यासारखी.

— पितळवेडी

*

कागद गोलाव्यावर सुरकुत्या न पडता बसतच नाही. भांड्यावर पांढरा पोस्टर कलर पातळ लावून वाळू द्या. पेन्सिल एका लाकडी ठोकळ्याला हव्या त्या उंचीवर रबरबँडने बांधा. ठोकळा टेबलावर स्थिर, आणि तांब्या उभा ठेवून जागच्या जागी गोल फिरवा. शिरोरेषा बिनचूक उमटते. खालची रेषाही तशीच. दोन्ही झाल्या की अक्षरं मोकळ्या हाताने काढा. राळ भरायच्या आधी करून बघा, नंतर तांब्या जड होतो. कोरताना आधी दांड्या, मग वळणं, शिरोरेषा सर्वांत शेवटी. आधी कोरलीत तर प्रत्येक दांडी वर तिला ओलांडून जाते.

धार लागली का हे बघायला टोक नखावर अलगद टेकवा. रुतून थांबलं तर धार आहे, सरकलं तर नाही. भिंगाखाली टोकावर चमकता ठिपका दिसला तर ते तुटलेलं आहे.

— चांदीचा_हात

*

स्टीलच्या डब्यावर हेच चालेल का?

— नवा_गडी

*

हाताने रेटून नाही. स्टेनलेस कोरताना कडक होत जातं. कार्बाइडची कोरणी आणि छोटी हातोडी लागेल. वेगळा धागा काढा.

— टूलरूमवाला

*

नऊ दिवसांनी लिहितेय. टाच ०.४ वर आणली, व्ही ११० च्या आसपास. चामड्याची पिशवी नव्हती, म्हणून जुन्या जीन्सच्या पायात वाळू भरून दोन्ही टोकं शिवली. भंगारात आणलेल्या चेपक्या लोट्यावर राळ भरून सराव केला. पहिल्या दिवशी चार वेळा सटकले, पण भांडं फिरवायची सवय लागल्यावर पंधरा मिमीची दांडी एका दमात गेली आणि पितळेची एक अखंड कुरळी तार निघून मांडीवर पडली. ती मी डबीत ठेवली आहे.

‘ळ’ दोन तुकड्यांत कोरते, दोन्ही गोलांच्या मधल्या खाचेपाशी थांबून. वाकडी कोरणी गवती रंगाची झाली, टोक आता वळत नाही. फक्त ‘सौ.’ची मात्रा मानेच्या खोलगट भागात जाते आणि तिथे रेघ अजून खरबरीत येते, कोरणी धडधडते. टाच पॉलिश करायची राहिली आहे, तेच कारण असेल का?

— पितळवेडी

*

हो, तेच. चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी पॉलिशची पेस्ट लावून टाचेचे दोन्ही पैलू आरशासारखे होईपर्यंत मागे ओढा, पुढे ढकलू नका. आणि नाव चार मिमी खाली घेतलंत तर मात्रा मानेत जाणारच नाही. ठोकळ्यावरची पेन्सिल खाली सरकवा की!

— टूलरूमवाला