३१ जिंकले, ३ हरले, तरी सीझन 'फुकट'?

शेवटचा बाक (धागाकर्ता)

मार्च उजाडला की अमेरिकेतल्या मित्रांच्या ग्रुपवर कॉलेज बास्केटबॉलमध्ये कोण जिंकेल याच्या अंदाजांचे तक्ते फिरायला लागतात. मग कोणीतरी हमखास म्हणतो, "जपून हं, व्हर्जिनिया होईल." मी काही वर्षं शार्लट्सव्हिलला, म्हणजे व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गावात काढलीत, त्यामुळे हे फार लागतं. म्हणून ही जिलबी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २०१७-१८ च्या सीझनमध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाची पुरुषांची टीम देशात अव्वल होती. राष्ट्रीय स्पर्धेत ६८ टीम असतात, चार गट, प्रत्येक गटात १ ते १६ मानांकनं, हरलं की बाहेर. १९८५ पासून १६व्या मानांकिताने पहिल्याला कधीच हरवलं नव्हतं, हिशेब १३५-०. १६ मार्च २०१८ च्या रात्री शार्लटमध्ये यूएमबीसीने, म्हणजे मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटीतल्या कॉलेजने, आम्हाला ७४-५४ असं धुतलं. हाफटाइमला २१-२१ होते. पुढच्या वीस मिनिटांत त्यांनी ५३ ठोकले. आम्ही सीझनभर अख्ख्या मॅचमध्ये सरासरी तेवढेच देत होतो!

पण त्याआधीचे चार महिने? सुरुवातीला ही टीम देशाच्या पहिल्या पंचविसात नव्हती. एसीसी या आमच्या लीगमध्ये सहावी येईल असा जाणकारांचा होरा होता. आली पहिली, १८ पैकी १७ जिंकून. ड्यूक या लीगमधल्या तगड्या कॉलेजच्या अंगणात १९९५ नंतर पहिल्यांदा जिंकली. आणि लुईव्हिलची मॅच! ०.९ सेकंद शिल्लक, चार पॉइंटनी मागे. थ्री (लांबून मारायचा तीन पॉइंटचा शॉट) टाकताना फाऊल मिळाला, दोन फ्री थ्रो आत गेले, तिसऱ्याला आमच्याच पोराने नियम मोडला आणि बॉल त्यांच्याकडे गेला. मी टीव्ही बंद करायला उठलो होतो. बॉल आत टाकणारा त्यांचा खेळाडू बेसलाइनवर चालला, जे तिथे चालत नाही. बॉल परत आमचा. डीआंद्रे हंटरने मारलेला थ्री बोर्डाला आपटून आत. ६७-६६.

हा सीझन फुकट गेला म्हणणाऱ्याने बास्केटबॉल बघू नये, नुसते निकाल वाचावेत.

तिरपा गोलंदाज

असहमत. २०२३ च्या वर्ल्ड कपला आपण सलग दहा जिंकलो आणि अहमदाबादला फायनल हरलो. कप कोणाकडे आहे? नॉकआउट आहे हे नोव्हेंबरातच सगळ्यांना माहीत असतं. वर्षभर वर्गात पहिला येऊन बोर्डात नापास झालेल्या पोराला शेजारी पेढे देतात का? (ह. घ्या.)

शेवटचा बाक

आपण फायनलला हरलो, पहिल्या फेरीत नाही, तेव्हा तुमच्या हिशेबाने आमची अवस्था आणखी वाईट. पण एक सांगा, त्या दहा मॅच तुम्ही विसरलात का? शमीचे सात बळी विसरलात?

कोर्टाबाहेरचा

मी नागपुरात सिमेंटच्या कोर्टवर चार वर्षं कॉलेजसाठी खेळलो. आमच्या आंतरकॉलेज स्पर्धा नॉकआउट असायच्या. सकाळी साडेसातला मॅच, नऊला वर्ष संपलं. त्यामुळे दुखणं कळतं. पण बाकराव, तुम्ही मुद्दा चुकवताय. ती हार निव्वळ नशिबाची नव्हती, ती त्या खेळपद्धतीतच होती.

व्हर्जिनियाचे तेव्हाचे कोच टोनी बेनेट यांची ती 'पॅक लाइन' बचावपद्धत बघा. बॉलवाल्यावर एक जण, बाकीचे चौघे थ्रीच्या रेषेच्या आत दाटीवाटीने उभे. बास्केटखाली मुंगी शिरत नाही. लांबून मारायचं तर मारा! त्यात स्वतःच्या अॅटॅकला तीस सेकंदांच्या घड्याळातले पंचवीस खाणार. देशातल्या सगळ्यात संथ टीमपैकी एक. एका मॅचमध्ये साठेक वेळाच बॉल हातात. चांगल्या टीमला जास्त संधी हव्यात, म्हणजे तिचा चांगुलपणा आकड्यात उतरतो. संधी कमी केल्या की दुबळ्याचा दिवस उजाडायला जागा मिळते. त्या रात्री यूएमबीसीने २४ पैकी १२ थ्री मारले, व्हर्जिनियाने २२ पैकी ४. मागे पडल्यावर त्यांना वेगाने खेळताच येईना. येणार कुठून, वर्षभर केलंच नव्हतं.

शेवटचा बाक

मांडणी आवडली, निष्कर्ष नाही. पुढच्या वर्षी तोच कोच, तोच संथपणा, तीच पॅक लाइन, आणि ८ एप्रिल २०१९ ला मिनियापोलिसमध्ये टेक्सास टेकला ८५-७७ हरवून कॉलेजचं पहिलंवहिलं विजेतेपद. पद्धत सडकी असती तर हे कसं झालं?

शिवाय हंटर. शार्लटच्या मॅचच्या तीन दिवस आधी कळलं की त्याचं मनगट मोडलंय, तो खेळणार नाही. त्याच हंटरने २०१९ च्या फायनलमध्ये २७ पॉइंट केले, आणि मॅच ओव्हरटाइममध्ये नेणारा थ्रीसुद्धा त्याचाच.

तिरपा गोलंदाज

२०१९ चं काढलंत ते बरं झालं. परड्यूविरुद्ध तुमचाच फ्री थ्रो हुकला, बॉल उडून पार मागच्या अर्ध्यात. तुमच्या छोट्या किही क्लार्कने धावत जाऊन तो पकडला, तिथून लांब पास, आणि डियाकिटेचा शॉट बझरबरोबर आत. तेव्हा कुठे बरोबरी. ऑबर्नविरुद्ध ०.६ सेकंद असताना काइल गाय या तुमच्या खेळाडूला फाऊल मिळाला, तीनही फ्री थ्रो आत, ६३-६२. त्याआधीचा तुमचा डबल ड्रिबल (टप्पे थांबवून पुन्हा सुरू करणं) रेफरींना दिसलाच नाही. हीच स्पर्धा दहा वेळा खेळवा, किती वेळा जिंकाल? एका वर्षाचं दुर्दैव 'नशीब' आणि दुसऱ्या वर्षाचं सुदैव 'कर्तृत्व', असं नाही चालायचं.

कोर्टाबाहेरचा

+१. आणि २०१९ मध्येही स्पर्धेच्या पहिल्याच मॅचला गार्डनर-वेब या १६व्या मानांकिताविरुद्ध १४ने मागे होते. तेव्हा तुमचा रक्तदाब किती होता ते लिहा.

शेवटचा बाक

ते विचारू नका. बायकोने टीव्ही बंद केला होता. पण डबल ड्रिबलचं मान्य, तो होता. निर्विवाद.

बाल्टिमोरचा भाचा

इतके प्रतिसाद झाले, पण जिंकलेल्या टीमच्या सीझनबद्दल कोणी एक ओळ लिहिली? मी तेव्हा यूएमबीसीत एमएस करत होतो.

आमचं कॉलेज बुद्धिबळासाठी प्रसिद्ध. जानेवारीत हीच टीम ऑल्बनीकडून ४४ पॉइंटनी हरली होती, ८३-३९. लीगच्या फायनलला व्हरमाँटच्या घरी गेले, त्याआधी व्हरमाँटशी सलग २३ वेळा हरलेले. ६२-६२ असताना जायरस लाइल्सने शेवटच्या क्षणी थ्री मारला, म्हणून ते शार्लटला पोचले. तिथे त्याचे २८. पॉइंट गार्ड के. जे. मौरा पाच फूट आठ इंच, वजन आमच्या रूममेटपेक्षा कमी. तो व्हर्जिनियाच्या उंच पोरांमधून बॉल नेताना बघून आमच्या घरातली सहाही पोरं उभी राहून बघत होती. कोपऱ्यात वरणाचा कुकर शिट्ट्या देतोय, बंद कोण करणार! तळाला करपलं. शेवटी २५ विजय, ११ पराभव. हा 'यशस्वी' की 'अपयशी', ते तिरप्यांनी सांगावं.

तिरपा गोलंदाज

यशस्वी. पण तेही त्या एका रात्रीमुळेच ना? व्हर्जिनियाला हरवलं नसतं तर तुमच्या २४ विजयांवर आज कोणी धागा काढला असता?

बाल्टिमोरचा भाचा

धागा नसता निघाला. पण त्या ४४च्या हारेनंतर परत प्रॅक्टिसला गेलेली पोरं आम्ही रोज बसमध्ये बघायचो, ती तर होतीच.

रविवारी, ऐन पाडव्याच्या दिवशी, कॅन्सस स्टेटकडून ४३-५० हरलो आणि संपलं. सोमवारी कॅम्पसमधल्या कुत्र्याच्या पुतळ्याचं नाक चोळायला (ते शुभ मानतात) रांग होती.

शेवटचा बाक

भाच्या, एक खरं सांग. तुझ्या तक्त्यात त्या मॅचला कोणाचं नाव होतं?

बाल्टिमोरचा भाचा

व्हर्जिनिया. विजेतेही व्हर्जिनियाच लिहिले होते, पेनने. पाच डॉलर गेले.