चार वह्यांमागे एक रुपया: ब्रँडच्या खरेदीतून समाजकार्य होतं का?

झेडपी_मॅडम (केळापूर तालुका)

सहावीच्या एका मुलीने मोठ्या भावाची अर्धी कोरी राहिलेली वही आणली. वापरलेली पानं फाडून, उरलेली दोऱ्याने शिवलेली. 'क्लासमेट' ब्रँडची होती. पुठ्ठ्यावरची बारीक ओळ तिने वर्गात मोठ्याने वाचली. चार वह्या विकल्या की एक रुपया आयटीसी कंपनी ग्रामीण भागातल्या सामाजिक कामाला देणार, अशी ती योजना. तिने लगेच विचारलं, "मॅडम, मंग हे पैसे आपल्या शाळेले भेटतात का?"

मला उत्तर देता आलं नाही. पण तेव्हापासून विचार करतेय. वही, साबण, चहापत्ती आपण घेणारच. भाव सारखाच असेल तर ज्याच्यातला थोडा पैसा शाळेला, पाण्याला जातो तोच माल घ्यावा, असं माझं मत आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बलचा 'शिक्षा' (म्हणजे शिक्षण) हा शाळांसाठीचा उपक्रम २००५ पासून चालू आहे. आमच्या पट्ट्यात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. शेजारच्या गावात आरओ प्लांट आला तो एका कंपनीच्या पैशातूनच. अशा पैशाला मी नाव ठेवू शकत नाही.

चौकातला_किराणा

मॅडम, तुमचा मान ठेवून बोलतो. हिशोब करून पाहा. शाळेत ६० पोट्टे धरा, एकाले पाच वह्या. झाल्या ३००. चार वह्यांमागे रुपया म्हणजे ७५ रुपये. एका वहीमागे चार आणे!

माह्याकडं तेवढ्याच पानांची साधी वही सहा रुपयानं स्वस्त आहे. ३०० वह्यांवर १८०० रुपये वाचतात. ते मायबापाच्या खिशात राहू द्या, नाहीतर शाळेच्या पेटीत टाका. तिथं कोणाच्या हातून गेले, कशाले लागले, हे साऱ्या गावाले दिसते. तुम्ही म्हणता भाव सारखा असला तर. माह्या काउंटरवर तो कधीच सारखा नसते.

हिशेबनीस_यवतमाळ

दोन गोष्टींची गल्लत होतेय. शेजारच्या गावचा प्लांट बहुतेक सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांवर कायद्याने घातलेल्या सामाजिक खर्चाचा, असेल. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. निव्वळ मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. तुम्ही वही कोणती घेतली याच्याशी त्या कर्तव्याचा संबंध नाही.

पुठ्ठ्यावरची ओळ ही विक्रीची रीत आहे. १९८३ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने कार्ड वापरलं की दर वेळी एक सेंट स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या दुरुस्तीला, अशी मोहीम काढली. १७ लाख डॉलर जमले आणि कार्डाचा वापरही वाढला. दोघांचं भलं झालं, हे मी नाकारत नाही. आपल्याकडे २०२१ च्या दुरुस्तीनंतर मालाच्या विपणनाचा फायदा मिळावा म्हणून प्रायोजक होऊन केलेला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. कायद्यानेच ही रेघ ओढली आहे.

आणखी एक. अशी देणगी कंपनीच्या मर्जीवर चालते. अमेझॉनची 'स्माइल' योजना २०१३ ला आली, खरेदीच्या अर्धा टक्का संस्थेला जायचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद केली. ज्या लहान संस्थांनी त्या पैशावर वर्षाचं गणित मांडलं असेल त्यांनी काय करायचं?

कोरडवाहू_७अकर

प्लांटचं निघालंच आहे तर सांगतो. आमच्या गावातही एका कंपनीनं बसवला होता. फीत कापली, फोटो काढले, पाच रुपयात २० लिटरची कॅन. आठ महिने चांगला चालला. मंग मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, चोक झालं. बदलाचे पैसे कोण देईल, हे कागदावर कुठंच नव्हतं. कंपनी म्हणे ग्रामपंचायतीले हस्तांतर झालं, ग्रामपंचायत म्हणे निधी नाही. दिवाळीपासून शटर खाली आहे. बायका पुन्हा त्याच बोअरचं पाणी भरून राहिल्या.

मी दान वाईट म्हणत नाही. पण यंत्र देता तर पाच वर्षाची देखभाल द्या. निदान कॅनच्या पाच रुपयातला एक रुपया वेगळ्या खात्यात ठेवायले लावा. आम्हाले तेव्हा कोणी हे सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

गटाची_सचिव

मी वेगळंच म्हणते. चार आणे दुसऱ्याच्या हातून कशाले? ज्याचा मालच काम आहे तो माल घ्या. वरोऱ्याच्या आनंदवनात हातमागाचं कापड होते, ग्रीटिंग कार्डं होतात. वर्ध्याचं मगन संग्रहालय, गांधीजींच्या हस्ते १९३८ साली उघडलेलं, आपल्याच कोरडवाहू कापसाची, नैसर्गिक रंगातली खादी करते. तिथं दिलेला रुपया कातणाऱ्या-विणणाऱ्या हाताले जाते.

आणि किराणावाले भाऊ, पेटीत पैसे टाका म्हणता ते पटलं. पण आमच्या बचत गटाचे मूगपापड तुमच्या दुकानात एकदाही दिसले नाहीत.

चौकातला_किराणा

ताई, मागच्या वर्षी ठेवले होते. पाकिटावर ना तारीख, ना एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा नोंदणीचा) नंबर. तपासणी आली तर दंड माह्यावर. आणि कंपनीचा माणूस उधारीवर माल देते, तुम्हाले रोख पाहिजे. राग नाही माहा. नंबर छापून दहा पाकिटं पाठवा, समोरच्या बरणीजवळ ठेवतो.

गटाची_सचिव

नोंदणी झाली आहे भाऊ, लेबल छापायचे राहिले. सोमवारी बाजाराच्या दिवशी आणते. अर्धे रोख, अर्धे विकल्यावर.

झेडपी_मॅडम

७५ आणि १८०० हे आकडे रात्री वहीत लिहून पाहिले. दुकानदार भाऊंचं बरोबर आहे. गरिबाच्या खिशातून महाग वही घ्यायला लावून समाजसेवा होत नाही. पण यवतमाळ-नागपुरात ज्यांना सहा रुपयांचं ओझं नाही, त्यांनी देणारा ब्रँड घेतला तर मला तो अजूनही चांगलाच वाटतो. लाखो वह्या विकल्या की चार आण्यांचे लाखो रुपये होतात. ते कुठे गेले हे कंपनीला विचारण्याचा हक्क मात्र त्या ग्राहकाने वापरावा. हिशेबनीस म्हणतात तशी रेघ मला माहीत नव्हती.

मुलीला काल सांगितलं, हे पैसे आपल्या शाळेला मिळत नाहीत. दुसऱ्या कुठल्या तरी गावाला मिळत असतील. ती म्हणाली, "मंग त्या गावच्या पोरीले विचारा, भेटले का."

कोरडवाहू भाऊ, तुमच्या प्लांटच्या मेम्ब्रेनला किती रुपये लागतात ते इथे लिहा. शनिवारी पालकसभा आहे, दोन्ही गावांचे लोक येतात.