जुने छोटे इंजिन सुरू करण्याची धडपड पाहण्यात मन इतके का रमते?

लेखापाल यांचा प्रश्न

गेले काही महिने रात्रीचे जेवण झाले की मी एकाच प्रकारचे व्हिडिओ पाहत बसतो. भंगाराच्या ढिगातून किंवा एखाद्या शेडच्या कोपऱ्यातून कोणीतरी वर्षानुवर्षे बंद असलेले एका सिलिंडरचे इंजिन उचलून आणतो, ते टेबलावर ठेवतो आणि शक्यतो नवे भाग न घालता ते चालू होते का हे पाहतो. बहुतेक इंजिने अमेरिकेतली, गवत कापण्याच्या यंत्रावरची, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीची असतात. कधी इंग्लंडमधले व्हिलियर्स किंवा लिस्टर असते. माझे काम हिशेब तपासण्याचे आहे आणि घरातला मिक्सर बिघडला तरी मी तो दुरुस्तीवाल्याकडे नेऊन देतो, तेव्हा हे पाहून मी काही कसब शिकतो आहे असे म्हणता येणार नाही.

या आवडीची दोन कारणे लोक मला सांगतात आणि दोन्ही मला पटत नाहीत. पहिले म्हणजे स्मरणरंजन. परंतु आमच्या चाळीत हिरवळ नव्हती आणि तिच्यावर फिरवायचे यंत्रही नव्हते. मग अमेरिकेतल्या मिलवॉकीत तयार झालेले इंजिन मला कशाची आठवण करून देणार? दुसरे असे की अशा संथ कामाने मन शांत होते. तसे असते तर पावसाच्या आवाजाचे ध्वनिमुद्रणही मला रुचले असते, पण ते मला पाच मिनिटेही ऐकवत नाही. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली आहे. इंजिन एकदा नीट चालू झाले की उरलेला भाग मी सहसा पाहत नाही, आणि ज्या व्हिडिओत इंजिन शेवटपर्यंत चालूच होत नाही, तो मात्र मी पूर्ण पाहतो. मग मला यात नेमके काय आवडते, हे जाणकारांनी किंवा माझ्यासारख्याच पाहणाऱ्यांनी सांगावे.

वर्कशॉप_निवृत्त यांचे उत्तर

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवत असे, त्यामुळे हे उत्तर थोडे वर्गातल्यासारखे होईल. ते चालवून घ्यावे.

छोट्या पेट्रोल इंजिनाला चालू होण्यासाठी सिलिंडरमध्ये पुरेसे कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेवरचा दाब, हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी एवढेच लागते. हे सगळे वेगवेगळे, आणि जवळजवळ कोणत्याही उपकरणाशिवाय, तपासता येते. ठिणगी पाडणारा प्लग काढून त्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि दोरी ओढायची. अंगठा जोराने ढकलला गेला तर कॉम्प्रेशन आहे. तोच प्लग वायरला जोडून हेडच्या धातूला टेकवला की ठिणगी दिसते किंवा दिसत नाही. आणि हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या तोंडात थोडे पेट्रोल टाकून दोरी ओढल्यावर इंजिन दोन-तीन सेकंद भडभडून पुन्हा बंद पडले, तर पाहणाऱ्याला तत्क्षणी कळते की कॉम्प्रेशन आणि ठिणगी दोन्ही ठीक असून दोष टाकीपासून कार्बोरेटरच्या जेटपर्यंतच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकापर्यंतच्या, वाटेत कुठेतरी आहे. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाजूंची बेरीज, जुळत नसताना आपण एकेक खाते तपासून बाजूला ठेवता आणि संशयाचा परीघ लहान होत जातो, तसेच इथे प्रत्येक फसलेला प्रयत्न काहीतरी निकालात काढतो. इंजिन चालू न झालेले व्हिडिओही आपण पूर्ण पाहता याचे कारण मला यातच दिसते.

आणखी एक मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. या कामात पाहणाऱ्याकडे करणाऱ्याइतकाच पुरावा असतो. आजच्या मोटारीचा मेकॅनिक स्कॅनर लावून कोड वाचतो आणि त्या कोडवर विश्वास ठेवण्यावाचून आपल्याला गत्यंतर नसते. एका सिलिंडरच्या इंजिनात मात्र जे काही घडते ते डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते किंवा नाकाला कळते. जुन्या पेट्रोलचा वास आला की टाकी उघडण्यापूर्वीच आपण म्हणतो की हलका भाग उडून गेला असणार, मागे वार्निशसारखा थर राहिला असणार आणि कार्बोरेटरचे बारीक जेट बुजले असणार. एकाच माणसाच्या डोक्यात अथपासून इतिपर्यंत मावू शकणारी यंत्रे फार नाहीत. हे इंजिन त्यांतले एक आहे, आणि पाने-पकड न धरलेल्या माणसाच्या डोक्यातही ते मावते.

माझ्या आवडीचे एक उदाहरण देतो. गवत कापण्याच्या यंत्राचे पाते दगडावर आपटून इंजिन एकाएकी थांबले तर आघात क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या दांड्यावर, जाऊ नये, म्हणून फ्लायव्हील हे जड चाक आणि क्रँक यांना जोडणारी छोटी खीळ, जिला चावी म्हणतात, मऊ धातूची केलेली असते. ती चावी अर्धवट कातरली गेली की फ्लायव्हील आपल्या जागेवरून किंचित फिरते, त्यातले चुंबक त्याच्याबरोबर सरकते आणि ठिणगी चुकीच्या क्षणी पडू लागते. आता गंमत पाहा. अंगठा ढकलला जातो, ठिणगी निळी आणि दणकट दिसते, पेट्रोल पोहोचते, आणि तरीही इंजिन चालू तर होत नाहीच, शिवाय हातातली दोरी हिसकावून घेते. ते हिसकावणे पाहून ज्याला चावीचा संशय येतो, तो पाहणारा त्या क्षणी व्हिडिओ करणाऱ्याच्या एक पाऊल पुढे असतो, आणि फ्लायव्हील निघेपर्यंत त्याला जागेवरून उठवत नाही.

ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनने १९८२ मध्ये ठिणगीसाठी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणले. त्यापूर्वीच्या तिच्या बहुतेक छोट्या इंजिनांत पॉइंट, म्हणजे उघड-मीट होऊन ठिणगी पाडणारे विजेचे दोन छोटे संपर्क, फ्लायव्हीलखाली झाकलेले असतात, म्हणून ठिणगी दिसली नाही की फ्लायव्हील काढण्याचा खटाटोप आलाच. पॉइंटवर इतक्या वर्षांत बसलेला थर पॉलिश पेपरने घासून फट ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, जुळवली की अनेकदा एवढ्यावरच ठिणगी परत येते. दोषाचा आकार आणि त्याचा परिणाम यांतली ही तफावत मला निवृत्तीनंतरही कंटाळवाणी वाटलेली नाही.

मळ्यातला यांचे उत्तर

सरांचे म्हणणे मान्य आहे, परंतु स्मरणरंजनाला लेखापालांनी फार लवकर बाद केले असे मला वाटते. चाळीत इंजिन नसेल, मळ्यात होते. विहिरीवर वीज पोहोचण्यापूर्वी, आणि ती पोहोचल्यानंतर भारनियमनाच्या काळातही, पाणी उपसण्याचे काम ऑइल इंजिनाने केले आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ साली पुण्याच्या खडकीत झाली. दुसरीकडे इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या लिस्टर इंजिनाच्या धर्तीवरची इंजिने राजकोटच्या कारखान्यांत तयार होऊ लागली आणि देशभर गेली. त्यांतले सहा अश्वशक्तीचे प्रसिद्ध इंजिन मिनिटाला ६५० फेरेच घेते, म्हणजे मिनिटाला सव्वातीनशे स्फोट, आणि म्हणून त्याचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. ज्याने तो लहानपणी ऐकला आहे त्याला इंग्लंडमधल्या एखाद्या शेडमधले लिस्टर परके वाटत नाही.

शिवाय पाहणे हा प्रकार व्हिडिओमुळे सुरू झालेला नाही. विहिरीवरचे इंजिन बंद पडून मिस्त्री आला की शेजारच्या वस्तीवरची माणसे आपली कामे टाकून भोवती उभी राहत. मिस्त्री टाकीपासून पंपापर्यंतचे नट एकेक करून सैल करी आणि बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार लागेपर्यंत हवा काढी. मग हॅन्डल सावकाश फिरवून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल 'कर्र' असा आवाज देते का, हे कान लावून ऐके. तो आवाज आला नाही तर पुढे हॅन्डल मारण्यात अर्थ नसे. सगळे मनासारखे झाले की डिकम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडण्याचा, खटका उचलून फ्लायव्हीलला वेग द्यायचा आणि खटका सोडायचा. त्या क्षणापर्यंत प्रत्येकजण आपापले निदान मोठ्याने सांगत असे: कोणी नोझल म्हणे, कोणी पंप, कोणी डिझेलमध्ये पाणी. आज व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वाचल्या की तीच मंडळी भेटल्यासारखी वाटतात, मिस्त्रीला न विचारता दिलेल्या सल्ल्यांसकट.

एक गोष्ट व्हिडिओत दिसत नाही आणि ती म्हणजे वाट पाहणे. इंजिन थांबताना एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असेल तर दमट हवा थेट सिलिंडरमध्ये जाते, पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, यांच्यामध्ये गंज धरतो आणि पिस्टन जाम होतो. अशा वेळी प्लगच्या किंवा नोझलच्या भोकातून डिझेल ओतून ते मुरू द्यावे लागते. मधूनमधून फ्लायव्हील थोडे पुढे, थोडे मागे असे हलवून पाहावे लागते. ज्याने पहिल्याच दिवशी मोठा पाना लावून जोर केला त्याच्या रिंगा तुटल्याच म्हणून समजा. व्हिडिओत हे आठवडे एका काळ्या पडद्यात संपतात. आमच्याकडे ते आठवडे पिकाला पाणी न देता काढावे लागत, एवढा फरक पाहताना लक्षात ठेवावा.

कोणी हे पाहून घरचे जुने इंजिन काढणार असेल तर हॅन्डल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीत आवळू नये. इंजिनाने उलटा झटका दिला तर मूठ सुटली पाहिजे.

शंकासुर यांचे उत्तर

आपण सगळे गृहीत धरून चालला आहात की समोर दिसणारी धडपड खरी आहे. यांतले पुष्कळ व्हिडिओ बनावट असतात. चांगले चालणारे इंजिन चिखलाने माखायचे, त्यावर गंज आणायचा आणि मग ते 'सापडले' म्हणून दाखवायचे, हा उघड धंदा आहे. ओळखण्याच्या खुणा फार अवघड नाहीत. वरून मातीचे थर असतात, पण स्क्रूच्या खाचा स्वच्छ असतात. चाळीस वर्षे न निघालेला म्हणून सांगितलेला प्लग हाताच्या जोराने फिरतो. सर्वांत मोठी खूण म्हणजे चुकीचा अंदाज कुठेही नसतो. खऱ्या कामात माणूस कार्बोरेटर खोलतो, साफ करून बसवतो, इंजिन तरीही चालू होत नाही आणि तो पुन्हा तोच कार्बोरेटर खोलतो, कारण पायलट जेटचे, म्हणजे कार्बोरेटरमधल्या सर्वांत बारीक जेटचे, भोक पहिल्या खेपेस नीट मोकळे झालेले नसते. बनावट व्हिडिओत कोणीही एकच भाग दुसऱ्यांदा खोलत नाही.

त्याचबरोबर 'रिस्टोरेशन'च्या नावाखाली प्रत्येक भाग वाळूच्या माऱ्याने घासून, चकचकीत रंग देऊन ठेवणारे व्हिडिओ या प्रश्नात मिसळू नयेत. तिथे अनिश्चितता शिल्लक नसते. नवे पिस्टन, नवे कार्बोरेटर, नवे कॉइल घातल्यावर इंजिन चालू होणारच. लेखापाल इंजिन चालू झाल्यावर उठून जातात, यावरून त्यांना तो प्रकार आवडत नसावा असे मी समजतो. मला स्वतःला जुना रंग, झिजलेली अक्षरे आणि तेलाचे डाग तसेच ठेवून केवळ चालते केलेले इंजिन अधिक प्रामाणिक वाटते.

लेखापाल

तेरीजेचा मुद्दा मला सर्वाधिक पटला, कारण आमच्याकडेही तेरीज जुळल्यानंतरच्या कागदांत फारसे कोणी रमत नाही. शंकासुरांच्या खुणा लावून कालच एक आवडता व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि तो कसोटीला उतरला नाही, हेही सांगून टाकतो. आता एक जोडप्रश्न विचारतो. फार जुन्या, उघड्या फ्लायव्हीलच्या अमेरिकी शेतकी इंजिनांत एक ठोका ऐकू येतो आणि मग कितीतरी वेळ नुसते फुसफुसणे चालते, आणि तरीही सगळे समाधानाने हसतात. मला ते प्रत्येक वेळी इंजिन बंद पडत असल्यासारखे वाटते. तो दोष नाही का?

वर्कशॉप_निवृत्त

तो दोष नाही. वेग आवरण्याची ती जुनी रीत आहे आणि अशा इंजिनाला 'हिट अँड मिस' म्हणतात. आपल्या ओळखीच्या इंजिनांत वेग सांभाळणारा गव्हर्नर थ्रॉटल, म्हणजे मिश्रणाची वाट, कमी-जास्त करतो. या इंजिनात वेग ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की गव्हर्नर एक खिट्टी अडकवतो आणि जळलेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच धरून ठेवतो. यांतल्या बहुतेक इंजिनांत मिश्रण आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह कॅमने, म्हणजे फिरत्या उंचवट्याने, न उघडता पिस्टनच्या ओढीने उघडणारा असतो. एक्झॉस्ट उघडा असताना ती ओढ निर्माण होत नाही, त्यामुळे इनलेट मिटलेला राहतो, इंधन आत येत नाही आणि पिस्टन एक्झॉस्टमधूनच हवा आत-बाहेर करत राहतो. आपल्याला ऐकू येणारे फुसफुसणे ते हेच. तोपर्यंत जड फ्लायव्हीले साठवलेल्या गतीवर फिरत राहतात. वेग पुरेसा उतरला की खिट्टी सुटते, एक्झॉस्ट मिटतो, इंधन आत येते आणि पुढचा ठोका पडतो.

म्हणून मोकळ्या चालणाऱ्या इंजिनाच्या दोन ठोक्यांमधले अंतर जितके जास्त, तितके त्यातले घर्षण कमी आणि जुळवणी चांगली, असा अंदाज जाणकार करतात. त्यांचे समाधान त्याचे असते. पुढच्या वेळी एक्झॉस्टच्या बाजूची ती खिट्टी चित्रात शोधा. इंजिनावर पट्टा चढवून पंप किंवा गिरणी जोडली असेल तर भार येताच खिट्टी अडकायची जवळजवळ थांबते आणि ठोके सलग पडू लागतात.