तुर्की भाषक लहान मुलांना रोजच्या वापरातले इंग्रजी कसे शिकवावे? (वय आठ-नऊ, बुर्सा) – सल्ला हवा आहे

बुर्सावासिनी

नमस्कार. यजमानांच्या नोकरीनिमित्त गेली दोन वर्षे आम्ही तुर्कस्तानात बुर्सा शहरात राहत आहोत. शेजारच्या काही पालकांच्या आग्रहामुळे मी सप्टेंबरपासून तिसरीतल्या सात मुलांना दर शनिवारी सकाळी एक तास इंग्रजी शिकवते. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे असून शिकवण्याचा मला पूर्वानुभव नाही, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

येथील सरकारी शाळांत २०१३-१४ पासून दुसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवले जाते आणि प्राथमिक वर्गांना त्यासाठी आठवड्याला दोन तास मिळतात. त्यामुळे माझ्या मुलांना रंग, आकडे आणि प्राण्यांची नावे तोंडपाठ आहेत. मात्र ‘मला पाणी हवे आहे’ किंवा ‘माझी पेन्सिल सापडत नाही’ एवढे साधे वाक्यसुद्धा त्यांना इंग्रजीत बोलता येत नाही. पहिल्याच शनिवारी मी फळ्यावर ‘आइस क्रीम’ हे शब्द इंग्रजीत लिहिले, तेव्हा एका मुलीने ते अगदी मन लावून ‘इजे जरेआम’ असे वाचले. ‘नेम’ या शब्दाचे ‘नामे’ झाले आणि ‘कॅट’चे ‘जात’ झाले. मी चूक सुधारली, तेव्हा तिचा चेहरा एवढासा झाला आणि तास संपेपर्यंत ती काही बोललीच नाही. ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे. सुरुवात कुठून करावी, कृपया सांगावे.

निवृत्त गुरुजी

ताई, आपण त्या मुलीची इतकी काळजी करता, हे वाचून बरे वाटले. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा मी सातारा जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत होतो. ज्यांच्या घरात इंग्रजीचा एक शब्दही कानावर पडत नव्हता, अशा मुलांना मी ते शिकवले, त्या अनुभवावरून लिहितो.

माझा पहिला सल्ला असा की, निदान दोन महिने फळ्यावर इंग्रजीचे एकही अक्षर लिहू नये. आधी कान, मग हातपाय, मग तोंड आणि सर्वांत शेवटी डोळे, असा क्रम ठेवावा. ‘ऊठ’, ‘बस’, ‘दार उघड’, ‘लाल पेन्सिल मला दे’ अशा आज्ञा आपण इंग्रजीतून द्याव्यात आणि त्या स्वतः करून दाखवाव्यात. मुलांनी केवळ कृती करावी, बोलण्याची सक्ती करू नये. जेम्स अॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच आहे. मूल मातृभाषा बोलू लागण्यापूर्वी कितीतरी महिने ती नुसती ऐकून त्याप्रमाणे वागत असते, तोच मार्ग दुसऱ्या भाषेलाही मानवतो. दोन-तीन आठवड्यांत एखादे मूल आपणहून आज्ञा देऊ लागते आणि मग बाकीच्यांनाही आज्ञा द्यायची असते.

दुसरी गोष्ट म्हणजे खऱ्या गरजेची वाक्ये. मी वर्गात पेन्सिलीला टोक करण्याचे एकच यंत्र ठेवत असे आणि तेही झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. ज्याला ते हवे असेल त्याने ‘मे आय टेक द शार्पनर?’ असे विचारायचे, आणि मी ‘येस, हिअर यू आर’ असे म्हणून डबा पुढे करायचा. वाक्य अडले तर मी त्याच्याबरोबर ते म्हणत असे. वाक्य नीट आले नाही म्हणून टोकयंत्र नाकारले, असे मी कधीही केले नाही. वर्षभरात त्या एका डब्याने माझ्या मुलांना जेवढे इंग्रजी दिले, तेवढे पाठ्यपुस्तकाने दिले नाही, असे मी जबाबदारीने म्हणतो. आपल्याकडे सातच मुले आहेत. पाण्याची बाटली, कात्री, खोडरबर, बिस्किटांचा डबा अशा चार-पाच वस्तू जरी आपल्या ताब्यात ठेवल्या, तरी तासाभरात प्रत्येक मुलाला कितीतरी वेळा मागण्याची संधी मिळेल.

इझ्मीरकर

गुरुजींशी मी पूर्ण सहमत आहे. मी इझ्मीरमध्ये बारा वर्षांपासून राहतो आणि तुर्की मुलांच्या शिकवण्या घेतो, म्हणून भाषेच्या अंगाने थोडी भर घालतो.

‘इजे जरेआम’ वाचणारी ती मुलगी चुकलेली नव्हती, हे कृपया तिला आवर्जून सांगावे. तुर्की भाषेने १९२८ साली अरबी लिपी सोडून लॅटिन वर्णमाला स्वीकारली, आणि ती २९ अक्षरांची वर्णमाला इतकी नेटकी आहे की जवळजवळ प्रत्येक अक्षराचा एकच उच्चार होतो. तिच्यात इंग्रजी ‘सी’चे चिन्ह ‘ज’साठी वापरतात, आणि क्यू, डब्ल्यू, एक्स ही अक्षरे नाहीतच. म्हणजे मुलांना पहिलीतच ‘लिहिले तसे वाचावे’ ही शिस्त लागलेली असते आणि इंग्रजी नेमकी तीच शिस्त मोडते. इंग्रजीतला ‘कॅन’ हा शब्द ते ‘जान’ असा वाचतात; तुर्कीत त्याचा अर्थ आपल्या ‘जान’सारखाच जीव किंवा प्राण असा होतो, शिवाय ते मुलांचे नेहमीचे नावही आहे.

व्याकरणात मात्र आपण मराठी भाषक असल्याचा मोठा फायदा आहे, कारण तुर्कीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि शब्दयोगी अव्यये नामाच्या नंतर लागतात. ‘बेनिम किताबम वार’ म्हणजे शब्दशः ‘माझे पुस्तक आहे’. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ यातून ‘आय हॅव’कडे जाताना आपण स्वतः लहानपणी कुठे अडखळलो होतो हे आठवले, की मूल कुठे अडखळणार हे आपोआप कळते. तो, ती आणि ते या तिन्हींसाठी तुर्कीत ‘ओ’ हे एकच सर्वनाम आहे, त्यामुळे मुले आईलाही इंग्रजीतले पुरुषवाचक ‘ही’ (he) म्हणतात. तेथे नियम सांगू नये, घरच्यांचे फोटो हातात देऊन ‘शी इज माय मदर’ असे रोज बोलून घ्यावे. संख्येनंतर तुर्कीत नाम एकवचनीच राहते, म्हणून ‘थ्री अॅपल’ हे बराच काळ ऐकू येईल. अकरासाठी ते ‘दहा-एक’ आणि बारासाठी ‘दहा-दोन’ म्हणतात, त्यामुळे ‘इलेव्हन’ आणि ‘ट्वेल्व्ह’ त्यांना विचित्र वाटतात. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांचा गोंधळ तर हमखास होतो.

उच्चारांच्या बाबतीत आपणही सावध राहावे. ‘विंडो’तला ओठांचा गोल करून काढायचा ‘व’ तुर्की मुलांना जड जातो, आणि आपल्या मराठी ‘व’मध्येही तो आणि ‘व्हॅन’मधला ‘व्ह’ यांचा भेद राहत नाही, ‘थिंक’मधला आपला ‘थ’सुद्धा इंग्रजी ‘थ’ नव्हे. तेवढ्यापुरते ध्वनिमुद्रण ऐकवावे. शब्दाच्या शेवटी ‘बॅड’चे ‘बॅट’ होते, कारण तुर्कीत शब्दान्ती ब आणि ड यांचे सहसा प आणि ट होतात. आपल्या ‘किताब’चे त्यांच्याकडे ‘किताप’ झाले, ते याच कारणाने.

अंकारातील पालक

एक छोटी सूचना करते. भुवया उंचावून, हनुवटी वर करून जिभेने ‘च्’ असा आवाज काढणे म्हणजे येथे ‘नाही’. माझ्या मुलाच्या वर्गातील मुले सुरुवातीला मला असे उत्तर देत, तेव्हा त्यांना माझे बोलणे आवडले नाही असा माझा समज होई. उलट आपली मान डावी-उजवीकडे डोलावण्याची सवय त्यांना नकारासारखी वाटते. त्यामुळे होकारासाठी मान स्पष्टपणे वरून खाली हलवावी आणि सोबत ‘येस’ म्हणावे.

बुर्सावासिनी

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. गेल्या शनिवारी फळा भिंतीकडे वळवून ठेवला आणि त्या मुलीला तिच्याच भाषेत सांगितले की तुझे वाचन तुर्कीच्या नियमाने अगदी बरोबर होते. त्यानंतर सिमितवाल्याचा खेळ घेतला. तीळ लावलेले ते गोल पाव येथे रस्तोरस्ती मिळतात, म्हणून सहा खरे सिमित आणून तिला दुकानदार केले. ‘टू सिमित, प्लीज’ असे कुणी म्हटले की ती ‘हिअर यू आर’ म्हणून देत होती. तासाच्या शेवटी तिने मला हाक मारली, ‘ओरेत्मेनिम’, म्हणजे ‘माझ्या बाई’, आणि उरलेला अर्धा सिमित पुढे करून ‘फॉर यू’ असे म्हणाली. हे दोन शब्द मी तिला शिकवले नव्हते.

आता अडचण अशी आहे की वही कोरी दिसते म्हणून दोन पालकांनी विचारणा केली आहे. त्यांना काय सांगावे?

इझ्मीरकर

त्यांची विचारणा रास्त आहे, म्हणून वही जरूर सुरू करावी. मात्र तिच्यात आधी चित्रे येऊ द्यावीत. दर शनिवारी मुलाने त्या दिवशी काय मागितले आणि काय दिले याचे चित्र काढावे, आणि घरी पालकांना ते बोटाने दाखवत इंग्रजीत सांगावे, म्हणजे काय शिकवले हे त्यांना कानांनीच कळेल. दोन महिन्यांनंतर, जे वाक्य मूल न अडखळता बोलते तेवढेच त्या चित्राखाली लिहून द्यावे. बोलणे पक्के झाल्यावर अक्षरे समोर आली, तर ‘नामे’ असे वाचण्याचा मोह बराच कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

२३ एप्रिलला येथे राष्ट्रीय सार्वभौमत्व आणि बालदिन असतो. १९२० साली त्याच दिवशी अंकारात राष्ट्रीय महासभा भरली होती. त्या सुमारास पालकांना बोलवावे, दारात पांढरी चादर ताणून मागे दिवा लावावा आणि करागोझ या येथील पारंपरिक खेळातल्या छायाबाहुल्यांप्रमाणे पुठ्ठ्याच्या बाहुल्यांकडून मुलांची हीच वाक्ये वदवून घ्यावीत. पडद्यामागे लाजरी मुलेही मोकळेपणाने बोलतात. पुठ्ठा जाड घ्यावा आणि काड्या निदान वीतभर लांब ठेवाव्यात, म्हणजे हातांची सावली पडद्यावर येत नाही.